दिसायच्या आधीचं वळण

वडाळा रोडवरून इंदिरानगरच्या बाजूला आत शिरलं की एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली हाताने रंगवलेली पाटी दिसते : ब्लाउज, फॉल-पिको, तिसरा मजला. ही पाटी बिलकिस शेख यांची. वय पंचेचाळिशीच्या आसपास, बोलणं कमी, हात चोख. बाईने जुना ब्लाउज मापाला आणून दिला तर बिलकिस तो आधी उलटा करून बघायची आणि म्हणायची, "हा मुंढ्यात काचत असेल तुम्हाला." बहुतेक वेळा काचत असायचा.

तिचा नवरा निसार सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. कारखान्यांतल्या, विहिरींवरच्या, इमारतींच्या टाकीवरच्या जळलेल्या मोटरी त्याच्याकडे येतात. तो त्यातली काळी पडलेली तार उचकटून काढतो, नवी तार भरतो आणि वार्निश करून परत देतो. दुकानाचं नाव निसार मोटर्स. ह्या नावाने पुढे थोडा घोटाळा केला, तो येईलच. एकुलती एक मुलगी अदिबा, तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. घरातलं बोलणं हिंदी, उर्दू आणि मराठीची भेळ. कोणतं वाक्य कोणत्या भाषेत सुरू होईल आणि कोणत्या भाषेत संपेल ह्याचा नेम नसतो.

बिलकिसचं माहेर भद्रकालीतलं. ती शाळेत असताना तिचा थोरला भाऊ सरफराज याने घराच्या खालच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. लाकडी बाकं, जुने टीव्ही आणि दिवसभर पोरांचा कालवा. मुलींनी तिथे जायचं नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. बिलकिस मात्र दुपारी भावाचा डबा घेऊन जायची. त्या वेळी शटर अर्धं खाली असायचं. भाऊ जेवायला बसला की ही टीव्हीसमोर बसायची. तिला मारामारीचे खेळ आवडायचे नाहीत, गाडीचा आवडायचा. सरफराज सावकाश जेवणारा माणूस नव्हता, पण बहिणीची फेरी संपेपर्यंत तो शेवटची पोळी चघळत बसायचा. संध्याकाळी पोरं यायची तेव्हा पडद्यावर सगळ्यांत वर 'बी के' ही अक्षरं असायची. हा बी के कोण, यावर बाकांवर भांडणं व्हायची. सरफराज म्हणायचा, "आहे एक. दुपारी येतो."

पुढे घरोघर कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले, दुकान बंद पडलं. बिलकिसचं लग्न झालं. तिने शिवण शिकून घेतलं. मन मारावं लागलं, स्वप्न राहून गेलं, असं काही तिच्या मनात कधी आलं नाही. खेळायची जागा राहिली नाही म्हणून खेळ थांबला, एवढंच. वीसेक वर्षं तिने गेमला हात लावला नाही आणि त्याची आठवण काढून उसासेही टाकले नाहीत.

अदिबाला कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेतला होता. तो जरा काम दिलं की तापायचा आणि पंख्याचा असा आवाज करायचा की शेजारची मुलगी विचारायची, मिक्सर लावलाय का. त्यावर नवा गेम चालणं शक्यच नव्हतं. पण इंटरनेटचा नवा प्लॅन घेतला तेव्हा त्याच्यासोबत गेम स्ट्रीमिंगची एक सेवा आली. एक दिवस दुपारी बिलकिस बाहीला अस्तर लावत होती आणि आतल्या खोलीतून इंजिनाचा आवाज आला. तिने टीप पुरी केली, दोरा तोडला आणि उठून आत जाऊन पाहिलं. लॅपटॉपवर लाल गाडी डोंगरातल्या रस्त्याने पळत होती. रस्ता इतका खरा की कडेच्या दगडांवर ओल दिसत होती. अदिबा दर वळणावर भिंतीला जाऊन आदळत होती.

"ब्रेक उशिरा मारतेस," बिलकिस दारातूनच म्हणाली.

"अम्मी, मी वेळेवर मारते. गाडी उशिरा ऐकते."

"का?"

मग अदिबाने तिला समजावून सांगितलं. हा गेम ह्या लॅपटॉपमध्ये नाहीच. तो चालतोय कंपनीच्या मोठ्या मशीनवर, कुठेतरी लांबच्या शहरात. आपल्याकडे येतं ते नुसतं चित्र, जसं मॅचचं येतं तसं. आपण बटण दाबलं की ते दाबणं तिकडे जातं, तिकडे गाडी वळते आणि वळलेल्या गाडीचं चित्र उलट इकडे येतं. जाण्यायेण्यात डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ जातो. "म्हणून तर एवढा भारी गेम ह्या डबड्यावर दिसतोय," अदिबा म्हणाली. "नाहीतर ह्याला महागडं मशीन लागतं. डाउनलोड नाही, काही नाही. उघडा आणि खेळा. फक्त हा उशीर आहे."

"बघू," बिलकिस म्हणाली आणि तिने मुलीच्या हातातला कंट्रोलर घेतला.

पहिल्या वळणाला तीही आदळली. दुसऱ्याला आदळली. तिसऱ्याला तिने वळण दिसायच्या थोडं आधीच अंगठा वळवला. गाडी भिंतीला घासत, पण निघाली. तिला आपलं पहिलं शिवणयंत्र आठवलं. त्याची मोटर जुनी होती, पाय उचलला तरी सुई पुढे दोन टाके घ्यायचीच. त्यावर गळ्याचा कोपरा शिवायचा तर कोपरा यायच्या आधी पाय उचलावा लागे. तिने त्या यंत्रावर कितीतरी वर्षं काम केलं होतं. हे त्यातलंच प्रकरण आहे, असं तिच्या लक्षात आलं. दिसतं त्यावर जायचं नाही, येणार आहे त्यावर जायचं.

अदिबाला परीक्षा आली आणि तिने गेम सोडला. बिलकिसने सोडला नाही. तिची वेळ दुपारची. जेवणं झाली, भांडी आवरली, नमाज झाली की गिऱ्हाईक यायला अवकाश असायचा. निसार दुकानात, अदिबा कॉलेजात, आणि इमारतीतलं नेटही त्या वेळी मोकळं. संध्याकाळी तेच नेट निकामी व्हायचं. खालच्या मजल्यावर मालिका, समोरच्याकडे मॅच, वरच्या मुलांचे व्हिडिओ, आणि मग गाडीचं चित्र भिजलेल्या कागदासारखं विरघळायचं. रस्त्याचे चौकोन चौकोन व्हायचे. झाड कुठलं आणि भिंत कुठली ते कळायचं नाही. महिनाअखेरीस डेटा संपत आला की चोवीस तास तीच तऱ्हा. निसारची मॅच मध्येच गोल गोल फिरत थांबायची आणि तो विचारायचा, "एवढं नेट पितं कोण ह्या घरात?" अदिबा आईकडे बघायची. बिलकिस काजाला दोरा भरत असायची.

त्याला कळलं ते तो एकदा ताप आला म्हणून दुपारीच घरी आला तेव्हा. बायको लॅपटॉपसमोर बसलेली, हातात कंट्रोलर, समोर हिरवी गाडी.

"हे काय?"

"गाडी."

"कुणाची?"

"माझी. थांबा, एक फेरी राहिली आहे."

निसार पलंगावर बसून राहिला. फेरी संपली, बिलकिसने उठून त्याला गोळी दिली. तो एवढंच म्हणाला, "उतारावर चांगली धरलीस." मग पांघरूण घेऊन झोपला.

सेवेत खातं उघडताना खेळाडूचं नाव द्यावं लागतं. बिलकिस, बिलकिस शेख, बी के, सगळी नावं आधीच कुणीतरी घेतलेली होती. टेबलावर वडिलांच्या दुकानाचं बिलबुक पडलं होतं. अदिबाने कंटाळून 'निसार मोटर्स' टाकलं, आणि ते मिळालं.

जिल्ह्यातल्या मोटार शर्यतीच्या गेमवाल्यांचा एक ग्रुप होता, गोदा रेसिंग. तो चालवायचा ओझरचा सार्थक, विमान कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका युनिटमध्ये नोकरीला असलेला तरुण. त्याच्याकडे स्वतःचं दणकट मशीन होतं, स्टिअरिंग, पेडल, सगळा जामानिमा. अदिबाने गंमत म्हणून आईचं नाव त्या ग्रुपमध्ये घातलं. रविवारी दुपारी शर्यती असायच्या. निसार मोटर्स हा गडी कधी माइकवर बोलायचा नाही. कुणी काही विचारलं तर 'ओके' लिहायचा. आधी मागून तिसरा यायचा, मग मधे, आणि पावसाळा संपेपर्यंत पहिल्या तिघांत. मुलं त्याला निसारभाई म्हणायला लागली. त्याचं एक वैशिष्ट्य सगळ्यांना दिसलं होतं. तो कुणाला धक्का मारायचा नाही आणि वळणाला इतरांच्या आधी तयार असायचा.

एका रविवारी त्याने सार्थकला शेवटच्या वळणावर आतून मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी सार्थकने नंबर शोधून काढून सातपूरच्या दुकानात फोन लावला. निसारच्या एका हातात कॉइल होती.

"निसारभाई, काल काय वळण घेतलंत! मानलं तुम्हाला."

"कुठलं वळण? पंप कुणाचा, कदम इंडस्ट्रीजचा का?"

"पंप नाही हो. शर्यत. मी सार्थक, गोदा रेसिंग."

निसारने कॉइल खाली ठेवली. "अच्छा, ते. तो मी नाही. ती आमची मिसेस."

पलीकडचा मशीनचा आवाज बंद झाला. मग सार्थक म्हणाला, "भाभी खेळतात?"

"दुपारी खेळते. काही काम होतं का?"

काम होतं. ग्रुपची वर्षातली मोठी शर्यत कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये भरणार होती. सगळ्यांनी समोरासमोर बसून खेळायचं, सारख्या मशीनवर. भाभींनी यायलाच हवं, असं सार्थकचं म्हणणं पडलं. निसारने घरी आल्यावर निरोप सांगितला. बिलकिसने विचार करायला एक दिवस घेतला. लग्नसराईचे ब्लाउज बाकी होते. मग म्हणाली, "जाऊन बघू."

हॉलमध्ये बहुतेक पोरंच होती. बिलकिस अदिबाबरोबर आत आली तेव्हा दारावरच्या मुलाला वाटलं, कुणाला तरी न्यायला आल्या आहेत. अदिबाने नाव सांगितलं तेव्हा कुजबुज पसरली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "निसारभाई आले!" हसू फुटलं. खरा निसार दुकान लवकर बंद करून आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता. तोही हसला. बिलकिसने ओढणी नीट केली आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन बसली.

सरावाची फेरी सुरू झाली आणि तिला पहिल्यांदा ते चित्र दिसलं. इतकं स्वच्छ चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. कडेच्या गवताची पाती वेगवेगळी दिसत होती. पुढच्या गाडीच्या काचेत मागचा डोंगर दिसत होता. घरी ज्या ठिकाणी तिला नुसता करडा डाग दिसायचा तिथे चक्क एक बाक होता. ती बघत राहिली आणि पहिलं वळण आलं. सवयीप्रमाणे तिने ते यायच्या आधी अंगठा वळवला. गाडीने ताबडतोब ऐकलं. ती आतल्या कठड्यावर चढून गवतात गेली.

पुढचं वळण, पुन्हा तेच. तिने हात आवरून धरला, तर आता उशीर झाला. महिनोन् महिने तिच्या हातांनी एक अंतर मोजून ठेवलं होतं, बटण आणि चित्र यांच्यामधलं, आणि इथे ते अंतरच नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिचं दर वळणाला होत होतं. विचार करून वळवावं तर विचारात वेळ जाई. न विचार करता वळवावं तर हात जुन्याच हिशेबाने चालत. खऱ्या शर्यतीत तिच्या मागे एकच गाडी राहिली. त्या मुलाचा कंट्रोलर मध्येच बंद पडला होता.

शर्यत संपल्यावर सार्थक तिच्याजवळ आला. तो जिंकला होता, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. "भाभी, असं कसं झालं? घरी कोणतं मशीन आहे तुमचं?"

"मशीन नाहीये," अदिबा म्हणाली. "क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या मशीनवर खेळते ती. माझ्या लॅपटॉपवर."

"म्हणजे वर्षभर? लॅगवर? एवढ्या उशिरावर?"

शेजारी अमित नावाचा मुलगा उभा होता. त्याच्या बुटांपासून हेडफोनपर्यंत सगळं एका रंगाचं होतं. तो म्हणाला, "क्लाउडवाल्यांचं असंच असतं. तो व्हिडिओ बघण्यातला प्रकार आहे. खरं खेळणं म्हणजे हे."

अदिबा काही बोलणार होती. बिलकिसने तिच्या हातावर हात ठेवला आणि अमितला विचारलं, "ह्या मशीनची सवय व्हायला किती दिवस लागतात?"

तिने टोमणा मारलेला नव्हता, म्हणून त्यालाही नीट उत्तर द्यावं लागलं. "महिना-दीड महिना. तुम्हाला कमी लागेल कदाचित."

"बरं," बिलकिस म्हणाली.

परत जाताना तिघं रिक्षात बसली. त्र्यंबक नाक्याला सिग्नल लागला तेव्हा निसार म्हणाला, "हरलीस?"

"हरले."

"मग?"

"गाडी फार लवकर ऐकते तिथली."

"माझ्या दुकानात असं कुणी ऐकत नाही," निसार म्हणाला. रिक्षावाला हसला, अदिबाही हसली. बिलकिस बाहेर बघत होती. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं, तो बाक, ती गवताची पाती. आपण वर्षभर जो रस्ता पाहिला तो पुसट होता, हे तिला आज कळलं होतं.

सार्थक चांगला मुलगा निघाला. त्याने फोन करून सांगितलं, माझं जुनं मशीन घरी पडून आहे, रविवारी ओझरला येऊन सराव करत जा. बिलकिस चार-पाच रविवार गेली, कधी अदिबाबरोबर, कधी निसारच्या स्कूटरवर. सार्थकची आई मैनाबाई चहा करायची, शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि पडद्याकडे न बघता बिलकिसला बाह्यांच्या फॅशनबद्दल विचारायची. गाडी हळूहळू हातात यायला लागली. सार्थकला वाटलं, आता भाभी पुढच्या वर्षी सगळ्यांना पाणी पाजणार.

पण त्याचा दुसरा परिणाम बिलकिसलाच दिसला. रविवारी ओझरला हात बसवून आली की सोमवारी घरी तीच गाडी भिंतीवर जायची. बुधवार-गुरुवारपर्यंत घरचा हात परत येई, की पुन्हा रविवार. दोन अंदाज एका हातात नांदत नव्हते. शिवणयंत्राचं तसं नसतं, दोन यंत्रांच्या दोन सवयी पायात बसतात. इथे बसेनात. शिवाय ओझरचं जाणं-येणं म्हणजे रविवार मोडणं, आणि रविवार हा ब्लाउज न्यायला बायका येण्याचा दिवस.

"सार्थकदादाचं मशीन घरीच आणू या का?" अदिबाने विचारलं. "तो देईल."

"ठेवणार कुठे? पिकोचं मशीन काढून?"

"मग क्लाउडवरच राहणार तू? अम्मी, ते कमी दर्जाचं आहे. तू स्वतः पाहिलंस."

"पाहिलं ना. त्यांचं चित्र चांगलं आहे, गाडी चांगली आहे. पण त्याच्यासाठी मला घर सोडून जावं लागतं. हे इथे येतं." एवढं बोलून तिने सुईत दोरा ओवला, आणि तो विषय तिच्यापुरता संपला. तिने सार्थकला सांगितलं, मैनाबाईंसाठी एक ब्लाउज शिवून पाठवला आणि ओझरला जाणं थांबवलं.

सार्थकच्या मनात मात्र ही गोष्ट राहिली. एकदा त्याने ग्रुपवर सहज विचारलं, आपल्यात क्लाउडवर खेळणारं आणखी कोण आहे? आधी नर्सिंग करणारी मनाली बोलली. ती हॉस्टेलवर मोबाइलवर खेळायची, कारण तिथे टेबल ठेवायलाही जागा नव्हती. मग सिन्नरच्या कारखान्यातला सोमनाथ, मग मालेगावचा शाहनवाज, ज्याच्या घराखाली यंत्रमाग चालत आणि ज्याचं नेट भार आला की बसत असे. एकामागून एक नावं येत गेली. जवळजवळ अर्धा ग्रुप निघाला. आजवर कुणी बोललं नव्हतं, कारण लॅगचं नाव काढलं की बाकीचे म्हणायचे, हरल्याची सबब. अमितने सगळी नावं वाचली. मग लिहिलं, "मला माहीत नव्हतं."

तेव्हापासून क्लाउडवाल्यांची वेगळी शर्यत ठरली. त्यांचे नियमही वेगळे करावे लागले. एखाद्याचं नेट मध्येच गेलं तर बाकीच्यांनी वेग कमी करून थांबायचं, असा एक नियम बिलकिसने सुचवला. मशीनवाल्यांना ते विचित्र वाटलं. शर्यतीत कुणी कुणासाठी थांबतं का? पण इथे प्रत्येकावर ती वेळ यायची, म्हणून सगळ्यांनी तो पाळला. शर्यत दुपारची ठेवायची हेही तिनेच ठरवलं. अशा रीतीने गट तिच्याकडे आला. तिने तो मागितला नव्हता. आता ती माइकवर बोलायला लागली. आवाज हळू, सूचना मोजक्या. "शाहनवाज, मागे राहा, तुझं चित्र अडकतंय." "मनाली, आधी वळव. अजून आधी." मनाली सांगायची की रात्रपाळी करून आल्यावर भाभींचा आवाज ऐकला की झोप उडते आणि बरंही वाटतं.

असं सात-आठ महिने चाललं. मग एक दिवस गेम उघडल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसली. गेम बनवणारी कंपनी आणि ही सेवा यांच्यातला करार संपत होता. महिनाअखेरीस हा गेम सेवेतून काढला जाणार होता. आपला सहभाग आम्हाला मोलाचा वाटतो, असंही खाली लिहिलं होतं.

"म्हणजे काय होणार?" बिलकिसने विचारलं.

"म्हणजे जाणार," अदिबा म्हणाली. "तुझी गाडी, तिचा रंग, तू जिंकलेलं सगळं. ते आपल्याकडे नव्हतंच कधी. त्यांच्याकडेच होतं." तिने रागाने कंपनीला तक्रार पाठवली. लगेच उत्तर आलं, आपल्या तक्रारीबद्दल धन्यवाद, आणि पुढे काही आलं नाही.

निसार जेवताना हे ऐकत होता. तो म्हणाला, "माझ्याकडे लोक मोटर आणतात. जळून कोळसा झालेली असली तरी त्यांची असते. दुरुस्त करा नाहीतर भंगारात विका. ह्यात तर भंगारही हाती येत नाही."

ग्रुपवर दोन दिवस हाच विषय. मशीनवाल्यांचा गेम विकत घेतलेला होता, त्यांना काही झालं नाही. त्यांनी कुणाला हिणवलंही नाही. अमितने तर मनालीला विचारलं, माझं जुनं ग्राफिक्स कार्ड देऊ का? मनाली म्हणाली, लावू कशाला, मोबाइलला?

शेवटच्या दिवशी क्लाउडवाल्यांनी शर्यत लावली नाही. सगळ्या गाड्या एकामागोमाग सावकाश डोंगराच्या रस्त्याने गेल्या. एका ठिकाणी खाली समुद्र दिसायचा. शर्यतीत तिथे बघायला कुणाला सवड नसे. सगळे तिथे थांबले. चित्र त्या दिवशीही तसं फारसं स्वच्छ नव्हतं, समुद्राच्या जागी निळसर धूर दिसत होता. शाहनवाज म्हणाला, "भाभी, हॉर्न वाजवू या?" सगळ्यांनी हॉर्न वाजवले. कुणाचे आधी पोचले, कुणाचे नंतर. मग एकेक जण बाहेर पडला. बिलकिसने लॅपटॉप मिटला आणि संध्याकाळपर्यंत तीन ब्लाउजांना हुक लावले. अदिबा मधेमधे येऊन आईकडे बघून जात होती. बिलकिस रडली वगैरे नाही. रात्री जेवणात मीठ जरा जास्त पडलं, तेवढंच.

त्या सेवेत शर्यतीचा दुसरा गेम होता. गटातल्या बहुतेकांनी तो धरला. काहींनी कंटाळून खेळणंच सोडलं, सोमनाथने हप्त्यावर मशीन घेतलं आणि तो पलीकडे गेला. नव्या गेममधल्या गाड्या जड होत्या, वळताना मागचा भाग सुटायचा. उशीर जुनाच होता, पण त्यावर बसवलेला सगळा अंदाज नव्याने घ्यावा लागला. पहिल्या काही शर्यती मनाली जिंकली. बिलकिस मागे राहायची आणि माइकवर विचारायची, "तू ते पुलाजवळचं कसं घेतेस?" मनाली सांगायची. बिलकिस तसं करून बघायची.

पुढे अदिबाला पुण्यात नोकरी लागली आणि लॅपटॉप तिच्याबरोबर गेला. त्याने काही अडलं नाही. सेवा टीव्हीवरही चालत होती. मोठा पडदा मिळाला, फक्त आता निसारची मॅच आणि बिलकिसची शर्यत एकाच टीव्हीवर आल्या. दुपार तिची, संध्याकाळ त्याची असा समझोता झाला. दुपारी सामना असला की निसार दुकानातून फोन करून विचारायचा, "आज तुझी मॅच आहे का?" आणि ती असायचीच.

परवा अशाच एका दुपारी स्नेहल नावाची नवी गिऱ्हाईक बाई जिना चढून आली. दार उघडंच होतं. आतून बिलकिस म्हणाली, "या, बसा. शेवटची फेरी आहे."

स्नेहल साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसली. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर निळी गाडी पावसातल्या रस्त्याने चालली होती. आधी तिला वाटलं, सिनेमा लावलाय. मग बिलकिसच्या हातांकडे लक्ष गेलं.

"भाभी, ही तुम्ही चालवताय?"

"हो."

"कितवा नंबर आहे?"

"आत्ता दुसरा."

तेवढ्यात गाडी पुलावर जागच्या जागी गोठली. पावसाचे थेंबही हवेत थांबले. पडद्याच्या मधोमध एक बारीक चक्र फिरायला लागलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी खोदकामाचं यंत्र चालू केलं होतं, किंवा कुठे काही तुटलं होतं, किंवा काहीच नव्हतं. बिलकिसने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"बंद पडलं का?"

"नाही. थोडं थांबायचं. बाकीचे थांबतात माझ्यासाठी." ती स्नेहलकडे वळली. "दाखवा काय आणलंय. जुना ब्लाउज आणलात ना मापाला?"

स्नेहलने तो काढून दिला. बिलकिसने तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. चित्र परत आलं तेव्हा तिने ब्लाउज खांद्यावर टाकला आणि पुढचं वळण जरा उशिरा घेतलं. ती चौथी आली.

"चौथा," ती म्हणाली, आणि फडताळातून टेप काढली.